बाबागाडी दारात अडते तेव्हा

दुकानाचं दार बाहेरच्या बाजूला ओढून उघडायचं असेल आणि हातात बाबागाडी असेल, तर एकट्या माणसाला ते धड जमत नाही. दार ओढायला एक हात हवा, ते उघडं धरायला अंग हवं आणि गाडी सरळ रेषेत ढकलायला दोन्ही हात हवेत. त्यात गाडी दारासमोरच उभी असते, म्हणजे दार उघडतं ते तिच्याच चाकांवर. मग गाडी मागे घ्यायची, वाकून दार ओढायचं, पाठीने ते अडवायचं आणि गाडी वळवून पाठमोरं आत शिरत ती मागोमाग ओढून घ्यायची. एवढं चाललेलं असताना दाराला बसवलेला क्लोजर, म्हणजे दार आपोआप मिटवणारं यंत्र, ते मिटवायच्या मागे असतो. आत काउंटरवरचा माणूस हे पाहत असतो. तो उठून आला तर चांगला, नाही आला तर उर्मट, असा निकाल आपण तिथल्या तिथे लावून मोकळे होतो.

मदतीची अपेक्षा रास्त आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती आपण चुकीच्या माणसाकडे करतो. काउंटरवरच्या मुलाकडे आपण चांगुलपणा मागतो. ज्याने दार तसं बसवलं, रॅक तसे लावले आणि एका पाळीत दोनच माणसं ठेवली, त्याला मात्र कुणी काही विचारत नाही. बाबागाडी घेऊन येणाऱ्या आईला, वडिलांना, आजी-आजोबांना लागणारी बहुतेक मदत दुकानाच्या मांडणीतून निर्माण झालेली असते. जी अडचण दुकानाने तयार केली, ती दूर करणं दुकानाचं काम आहे. ते एका कर्मचाऱ्याच्या मूडवर सोडणं पालकांवर अन्याय आहे आणि त्या कर्मचाऱ्यावरही.

दारापासूनच बघू. एका मुलाची बाबागाडी साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर रुंद असते. जुळ्यांची शेजारी-शेजारी बैठकींची गाडी ७५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. अमेरिकेच्या सुगम्यता मानकांत दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच, म्हणजे सुमारे ८१.५ सेंटिमीटर धरली आहे. ही मापं चाकाच्या खुर्चीसाठी ठरली, पण त्यातून जुळ्यांची गाडीही जाते. मोकळी रुंदी म्हणजे चौकटीची रुंदी नव्हे. दार ९० अंशांत उघडल्यावर त्याची जाडी आणि बिजागरीची बाजू काही सेंटिमीटर खाते, आणि हँडल पुढे आलेलं असेल तर बोटं खरचटतात ती तिथेच. माप घ्यायचं ते उघड्या दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीच्या पट्टीपर्यंत.

पुष्कळ दुकानांत तर दार पुरेसं रुंद असूनही अडतं, कारण ते दोन झडपांचं असतं आणि एक झडप वर-खाली खिटी लावून कायमची बंद ठेवलेली असते. १२० सेंटिमीटरचं दार अशा वेळी ६० सेंटिमीटरचं होतं. पालक एका झडपेतून गाडी तिरकी करून घालायला बघतात, पुढचं चाक आत जातं, मागचं चौकटीत अडकतं, आणि कर्मचारी बाहेर येऊन गाडीच उचलायला लागतो. इथे मदत म्हणजे गाडी उचलणं नव्हे, खिटी काढणं. सकाळी दुकान उघडताना दोन्ही झडपांच्या खिट्या काढायच्या, हा नियम एकदा केला की दिवसभरात कुणाला उठून यावंच लागत नाही.

क्लोजरचं तसंच आहे. त्याच मानकांप्रमाणे क्लोजर असलेलं दार ९० अंशांपासून १२ अंशांपर्यंत मिटायला किमान ५ सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ लावून पाहिलं तर कितीतरी दारं दोन-तीन सेकंदांतच आदळताना दिसतात. हे सुधारायला नवा क्लोजर लागत नाही. त्याच्या अंगावर बहुधा दोन छोटे स्क्रू असतात: एक दार मिटण्याचा मुख्य वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या काही अंशांतला, कुलूप बसण्याचा. पहिला स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा, दार सोडून सेकंद मोजायचे, गरज वाटली तर आणखी थोडा. उलट्या दिशेने मात्र तो जास्त सोडू नये. तेल गळतं आणि क्लोजर निकामी होतो. आतलं तेल थंडीत घट्ट होतं आणि उन्हाळ्यात पातळ, त्यामुळे ऋतू बदलला की वेगही बदलतो. हिवाळ्यात बरोबर लावलेलं दार कडक उन्हाळ्यात बाळाच्या पायावर येऊ शकतं.

पायरीचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तिथे खरोखरच माणसाची मदत लागते. एकच पायरी असेल तर पालकाला बहुधा एकट्याने जमतं. चढताना मागच्या आसावर पाय देऊन हँडल खाली दाबायचं, पुढची चाकं वर टेकवायची आणि मग मागची चाकं वर लोटायची. उतरताना गाडी उलटी फिरवायची आणि मागची चाकं आधी खाली घ्यायची, म्हणजे बाळ पाठीवर रेलतं, पुढे झुकत नाही. दोन-तीन पायऱ्या झाल्या की हा उपाय संपतो. उतार बांधा, असं म्हणणं सोपं आहे, पण हिशेब मांडून बघावा. १ः१२ चा उतार, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी, धरला तर १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंचीला, ५.४ मीटर लांबी लागते. जुन्या इमारतीतल्या छोट्या दुकानासमोर तेवढी जागाच नसते. कमी जागेत कोंबलेला खडा उतार पायरीपेक्षा वाईट, कारण त्यावर गाडी मागे घसरते आणि ढकलणाऱ्याचा पाय निसटतो.

अशा दुकानाने पायरीच्या खाली, कमरेच्या उंचीवर घंटी लावावी, आणि घंटी वाजली की कोण उठणार हे पाळीच्या सुरुवातीलाच ठरवावं. हा दुसरा भागच नेहमी राहून जातो. घंटी वाजते, तिघं एकमेकांकडे बघतात, चौथ्यासमोर ग्राहकांची रांग असते. एकटाच माणूस दुकान सांभाळत असेल तर उचलायची मदत त्याच्याकडून मागूच नये. त्याने यादी घेऊन माल दारात आणून द्यावा.

उचलण्याबद्दल थोडं खोलात जायला हवं, कारण इजा होते ती इथे. अमेरिकेच्या नायोश या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने वजन उचलण्याचं सूत्र १९९१ मध्ये सुधारलं. त्यात सगळं आदर्श असतानाही, म्हणजे वजन अंगालगत, सुमारे कमरेच्या उंचीवर, शरीराला पीळ न देता आणि क्वचितच उचलायचं असताना, मर्यादा २३ किलोची आहे. आता १० किलोची गाडी, ११ किलोचं मूल आणि खालच्या जाळीतलं ३ किलो सामान धरा. बेरीज २४ किलो. त्यातही जिन्यावर काहीच आदर्श नसतं: गाडी अंगापासून लांब राहते, पायाखालची पायरी दिसत नाही, कंबर वळते. म्हणून मूल बसलेली गाडी एकट्या कर्मचाऱ्याने उचलू नये, आणि पालकानेही त्याला तसं करायला लावू नये. त्याने नकार दिला तर तो त्याचा हक्क आहे.

दोघांनी उचलायची रीत ठरलेली आहे. आधी बाळाचा पट्टा तपासायचा. खांद्यांवरचे दोन, कमरेचे दोन आणि पायांमधला एक असे पाचही टोकांचे पट्टे लागलेले हवेत. सामानाच्या पिशव्या काढायच्या. ब्रेक लावायचा, म्हणजे खाली टेकवल्यावर गाडी चालू लागणार नाही. पालक हँडलकडे आणि ती बाजू कायम जिन्याच्या वरच्या अंगाला, चढताना आणि उतरतानाही. मदतनीस खालच्या बाजूला, पुढच्या चाकांच्या वरच्या सांगाड्याची मुख्य नळी दोन्ही हातांनी धरून. बाळासमोरचा आडवा दांडा हात घालायला सोयीचा दिसतो, पण तो बटण दाबून निघणारा असतो आणि वजन पडलं की सुटू शकतो. घडीच्या सांध्याजवळही हात नको, बोट चिरडतं. चाकाला धरावं तर ते फिरतं, आणि ज्या गाड्यांची चाकं धुण्यासाठी काढता येतात त्यांचं चाकच हातात येण्याची भीती असते. "एक, दोन, तीन" असे आकडे कोण मोजणार हे आधी ठरवायचं, आणि ते पालकाने मोजावेत.

मदतीला येणाऱ्याचं पहिलं वाक्य म्हणूनच महत्त्वाचं. "मी घेतो, द्या" असं म्हणून गाडीला थेट हात घालणं चुकीचं. "मदत करू का? कुठे धरू?" एवढे दोन प्रश्न पुरतात. कोणत्या गाडीचा कोणता भाग सुटतो हे पालकाला माहीत असतं, कर्मचाऱ्याला नाही.

"गाडीची घडी घालून आत या" अशी पाटी लावणाऱ्या दुकानदारांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. घडी होणाऱ्या हलक्या गाडीचा शोध ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने लावला. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेल्या या माणसाने १९६५ साली ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, जेमतेम तीन किलोची गाडी बनवली. तेव्हापासून बाबागाडी मिटते हे जगाला ठाऊक झालं आणि ती कुठेही, केव्हाही, कुणालाही मिटवता येते असा समज पसरला. प्रत्यक्षात घडी घालायची तर झोपलेलं मूल उठवायचं, ते एका काखेत घ्यायचं, जाळीतलं सगळं सामान काढून जमिनीवर ठेवायचं, उरलेल्या हाताने दोन कळा सोडायच्या आणि मग मूल, पिशव्या आणि मिटलेली गाडी असं सगळं घेऊन खरेदी करायची. एका हाताने मिटणारी गाडीसुद्धा रिकामी असेल तरच एका हाताने मिटते. पाटी लावायचीच असेल तर त्याखाली मिटलेली गाडी ठेवायची जागा, आणि सामान ठेवायला एक टेबल तरी असावं.

आत आल्यावर रॅकमधल्या वाटा. नकाशावर ९० सेंटिमीटर रुंद आखलेली वाट प्रत्यक्षात किती उरते, हे दुपारी चारला जाऊन मोजावं. कंपन्यांनी दिलेले पुठ्ठ्याचे स्टँड, सवलतीच्या मालाच्या टोपल्या, अर्धवट रिकामे खोके, कपड्यांच्या गोल रॅकवरून बाहेर आलेल्या बाह्या, असं करत करत ती ५५ वर येते. त्यातही सगळ्यात वाईट म्हणजे टोकाशी बंद असलेली वाट. पुढे जाता येतं, वळता येत नाही, आणि मागे गाडी ओढत यायचं तर पाठीमागे काय आहे ते दिसत नाही. काचेच्या बाटल्या खालच्या फळीवर ठेवल्या असतील तर पुढचं चाक किंवा बाळाचा हात तिथे पोचणारच. फुटलेल्या मालाचा वाद होतो तेव्हा पालकाच्या निष्काळजीपणावर सगळे बोलतात, ५५ सेंटिमीटरवर कुणी बोलत नाही. शिवाय हीच वाट आग लागली तर लोकांनी बाहेर पळायची वाट असते, हे विसरून कसं चालेल?

उपाय साधा आहे. दुकानात एक जुनी बाबागाडी ठेवावी, त्यात १० किलोची पिठाची किंवा वाळूची पिशवी पट्ट्याने बांधावी, आणि सकाळी मांडणी झाल्यावर एका कर्मचाऱ्याने ती दारापासून बिलाच्या काउंटरपर्यंत आणि परत फिरवावी. जिथे ती अडेल तिथला स्टँड हलवायचा. दहा मिनिटांचं काम आहे. रिकामी गाडी फिरवून उपयोग नाही. वजनाशिवाय ती कुठेही उचलून वळवता येते आणि अडचण लपते.

पिशव्यांच्या बाबतीत मात्र पालकांचीच चूक होते, आणि ती गंभीर आहे. बाबागाडी ढकलताना दुकानाची ट्रॉली ढकलता येत नाही, म्हणून खरेदी हँडलला टांगली जाते. हँडल मागच्या चाकांच्या मागे असतं, त्यामुळे तिथलं वजन गाडी मागे उलटवायला बघतं. समजा गाडी ७ किलोची आहे आणि तिचा भार मागच्या आसाच्या २५ सेंटिमीटर पुढे आहे. हँडल आसाच्या ३० सेंटिमीटर मागे आहे. मूल बसलेलं असतं तोवर त्याचं वजन गाडीला सावरतं. बिलाच्या काउंटरवर मूल उचलून कडेवर घेतलं की पुढे उरतात ७ गुणिले २५, म्हणजे १७५, आणि मागे ६ किलोच्या पिशवीचे ६ गुणिले ३०, म्हणजे १८०. गाडी मागे पडते. पिशवी ८ किलोची असेल तर हलकं बाळ आत बसलेलं असतानाही, गाडी किंचित उताराला लागली की, तोल जाऊ शकतो. सामान खालच्या जाळीत, तिच्यावर लिहिलेल्या मर्यादेत ठेवावं. आणि इथे दुकानाने अडवू नये: न दिलेल्या बिलाचा माल जाळीत ठेवला म्हणून चोरीचा संशय घेतला जातो, या भीतीनेच पुष्कळ लोक पिशवी वर टांगतात. जाळीत मावेल अशी उघडी टोपली दारातच हातात दिली तर संशयही उरत नाही आणि धोकाही.

सरकत्या जिन्यावर मदत मागू नये आणि करूही नये. जिन्याची पायरी सुमारे ४० सेंटिमीटर खोल असते, गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर त्याहून बरंच जास्त. म्हणजे गाडी पायऱ्यांच्या कडांवर टेकलेली आणि तिचा सगळा तोल माणसाच्या मनगटात. वर पोचल्यावर दातेरी पट्टीशी पुढचं चाक अडकतं, आणि मागची माणसं सेकंदाला अर्धा मीटर वेगाने येतच राहतात. कर्मचाऱ्याने लिफ्टकडे बोट दाखवावं. आणि लिफ्टच्या तोंडाशी मालाचे खोके रचलेले नसावेत.

आता एक नाजूक मुद्दा. बाबागाडी आणि चाकाची खुर्ची एकाच जागेसाठी, एकाच लिफ्टसाठी समोरासमोर आल्या तर? माझं उत्तर स्पष्ट आहे: खुर्ची आधी. मूल कडेवर घेता येतं, खुर्ची सोडून उभं राहता येत नाही. उतरते फूटपाथ, रुंद दारं, हे सगळं अपंग लोकांच्या मागणीतून आलं. अमेरिकेतल्या कॅलमझू शहरात १९४५ साली फूटपाथच्या कडा उतरत्या केल्या त्या युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी. बाबागाडीवाल्यांना ती सोय आयती मिळाली. तेव्हा जागा सोडताना कुरकुर करणं शोभत नाही. पण अशा वेळी दुकानाने हात वर करून दोन ग्राहकांना एकमेकांशी भांडू देणं हेही शोभत नाही. ब्रिटनमध्ये २०१२ साली बसमध्ये असंच झालं. खुर्चीच्या जागेवर झोपलेल्या बाळाची गाडी होती, आईने ती मिटत नाही म्हणून सांगितलं, चालकाने एकदा विनंती केली आणि विषय सोडून दिला. खुर्चीवरचा प्रवासी मागे राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने म्हटलं की नुसती विनंती करून थांबणं पुरेसं नाही. नकार अवाजवी वाटला तर चालकाने आणखी पावलं उचलायला हवीत, आणि कंपनीच्या धोरणात ते असायला हवं. खटला त्या आईवर नव्हता, कंपनीच्या धोरणावर होता. दुकानांनाही हाच न्याय लावायला हवा.

मदतीची हद्दही सांगून टाकावी. दार धरणं, पायरीवर हात देणं, वरच्या फळीवरची वस्तू काढून देणं, जड सामान दारापर्यंत पोचवणं, हे मागावं. "जरा बाळाकडे बघा, मी आत कपडे घालून बघते" हे मागू नये. त्या माणसाला दुसरा ग्राहक हाक मारतो आणि गाडी वाटेत एकटी राहते. कपडे घालून बघायच्या खोलीत गाडी मावत नाही, ही खरी अडचण आहे. पण तिचं उत्तर गाडी आत जाईल आणि मागून पडदा ओढता येईल अशी एक तरी मोठी खोली, हे आहे. आणि पालकाने न सांगता कर्मचाऱ्याने मुलाला उचलू नये, पट्टा सोडू नये, गाडी घेऊन पुढे चालू लागू नये.

मागताना नेमकं मागावं. दारात उभं राहून कुणीतरी बघेल म्हणून वाट पाहणाऱ्याला मदत मिळत नाही, कारण आतल्या माणसाला नक्की काय हवंय ते कळत नाही. "दुसरी झडप उघडता का?" किंवा "पुढची नळी धरता का, तीन पायऱ्या आहेत" असं म्हटलं की बहुतेक माणसं लगेच पुढे येतात.

आणि ज्या दुकानात रोज तेच घडतं, तिथे मालकाला किंवा व्यवस्थापकाला लिहावं. वागणूक वाईट होती, असं मोघम लिहिलं की ओरडा खातो तो काउंटरवरचा मुलगा, आणि दार तसंच राहतं. मापं लिहावीत: दाराची मोकळी रुंदी ६२ सेंटिमीटर, उजवी झडप बंद, दार मिटायला अडीच सेकंद, साबणाच्या रॅकजवळ वाट ५५ सेंटिमीटर. कुणी मदत केली असेल तर तेही त्याच पत्रात लिहावं, तारीख आणि वेळेसकट, म्हणजे त्याने काउंटर सोडला ती तीन मिनिटं मालकाच्या हिशेबात काम म्हणून धरली जातील.